गुरुवारचा इलेक्ट्रॉन

आमच्या समोरच्या घरातल्या मैत्रीला सोसायटीतल्या बायका 'फ्रिजवाली' म्हणतात. त्याला कारण तिची आई, केसरबाई. मुलगी कुठे कामाला आहे, असं कुणी विचारलं की त्या बिनधास्त सांगायच्या, "चाकणला, फ्रिजच्या कंपनीत." मग काय, तळमजल्यावरच्या तानुबाईंनी एकदा मैत्रीला जिन्यातच अडवलं. "अगं, आमच्या फ्रिजात बर्फच धरत नाही, बघतेस का जरा?" आणि या पोरीनं खरंच बघितला. दाराचं रबर सैल झालं होतं, ते नीट बसवून दिलं आणि हात पुसत वर आली. मला म्हणाली, "काकू, आमच्या फ्रिजपुढे तानुआजींचा फ्रिज म्हणजे तापलेला तवा आहे."

मला वाटलं, मस्करी करतेय. पण ती अक्षरशः खरं बोलत होती.

चिंचवडच्या आमच्या इमारतीत ओव्हाळांचं दार आमच्या दारासमोर. मैत्रीचे वडील भीमराज ओव्हाळ यांनी सगळी नोकरी भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात हॅमरवर काढली. लालबुंद लोखंड चिमट्यानं साच्यावर धरायचं आणि वरून हॅमरचा घाव घ्यायचा. त्या घावांनी त्यांचे कान गेले. त्यामुळे ओव्हाळांच्या घरात सगळेच टिपेला बोलतात, आणि आज भाजी कुठली केली हे वरच्या मजल्यापर्यंत कळतं. एकटी मैत्री तेवढी ओरडत नाही. ती वडलांच्या समोर जाऊन उभी राहते, ओठ स्पष्ट हलवते आणि सावकाश बोलते. लहानपणापासूनची सवय. कुणाशीही बोलताना ती तशीच बोलते, म्हणून तिचं बोलणं समजतं.

आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. शाळेला रविवार, वडलांना गुरुवार. म्हणजे मैत्रीला वडील दिवसभर भेटायचे ते शाळा बुडवली तरच. केसरबाई सांगतात, दर गुरुवारी हिचं पोट दुखायचं. तरीही ती एम.एस्सी. झाली, भौतिकशास्त्र घेऊन. आणि चाकणच्या एका छोट्या संशोधन केंद्रात लागली. केंद्र म्हटल्यावर मी मोठी काचेची इमारत डोळ्यांसमोर आणली होती. प्रत्यक्षात एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यावरचा पत्र्याचा शेड. अर्ध्यात कुणाचं तरी गोदाम, अर्ध्यात हे लोक: रविराज सर, सुजित नावाचा एक थट्टेखोर मुलगा आणि मैत्री. आणि तो फ्रिज.

एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती. मी सहज विचारलं, "तू तिथं करतेस तरी काय गं?"

ती म्हणाली, त्या फ्रिजच्या पोटात अगदी तळाशी नखाएवढी एक चकती असते. तिथं इतकी थंडी असते, की ताऱ्यांच्या मधल्या काळ्या पोकळीतही तेवढी नसते. त्या चकतीवर विजेचा दाब देऊन दोन खोल्या बनवायच्या. त्यांना भिंती असतात, पण विटांच्या नाहीत, दाबाच्याच. त्या खोल्या इतक्या लहान, की त्यांना ठिपकेच म्हणतात. क्वांटम डॉट. दोन ठिपके शेजारी शेजारी, मध्ये एक पातळ भिंत. आणि त्या दोघांत मिळून ठेवायचा एकच इलेक्ट्रॉन.

"एकच? दुसरा आत शिरला तर?"

"शिरत नाही. दोघांवरचा भार सारखाच, त्यामुळे आतला बाहेरच्याला ढकलतो. दाब वाढवून मुद्दाम जागा केली तरच दुसरा येतो."

"आणि हा एकटा तिथं बसून काय करतो?"

"कधी या ठिपक्यात असतो, कधी त्या."

"मधल्या भिंतीला दार आहे?"

"नाही."

"खिडकी? भोक?"

"काहीच नाही, काकू. अख्खी भिंत आहे. तो इकडे असतो. आणि मग तिकडे असतो."

मी लाटणं खाली ठेवलं. तव्यावरची पोळी करपली तेव्हा भान आलं.

"पण एवढासा तो, दिसतो कसा तुम्हाला?"

"दिसत नाही. तुमच्याकडे पाहुणे आले की माझ्या आईला कसं कळतं?"

"कुकरच्या शिट्ट्या वाढतात म्हणून."

"अगदी तसंच. ठिपक्यांच्या शेजारून आम्ही एक बारीक प्रवाह सोडून ठेवतो. इलेक्ट्रॉन जवळच्या ठिपक्यात आला की तो शेजारचा प्रवाह जरा दबतो, लांबच्यात गेला की मोकळा होतो. पडद्यावर एक रेघ चाललेली असते. ती एक पायरी खाली येते, एक पायरी वर जाते. त्या पायरीवरून ओळखायचं."

तिचं काम होतं ते एवढंच, आणि तेवढं अवघड: या दोन ठिपक्यांत तो इलेक्ट्रॉन आपणहून किती वेळानं जातो-येतो, हे मोजायचं. आता जाईल का, हे कुणालाच सांगता येत नाही. साधारण किती वेळ थांबतो एवढंच सांगता येतं, तेही खूपदा मोजल्यावर. आणि बरेच महिने हात चोळत बसल्यावर यांच्या पडद्यावर खरंच पायऱ्या दिसायला लागल्या होत्या. केसरबाईंनी त्या दिवशी खीर केली होती आणि जिन्यातून ओरडून मला सांगितलं होतं, "वहिनी, पोरीचा इलेक्ट्रॉन चालायला लागला!"

रविराज सरांनी तसं प्रकल्पाच्या कमिटीला कळवलं. कमिटीची बैठक एका शुक्रवारी ठरली. काम पसंत पडलं तर प्रकल्प पुढे चालणार आणि मैत्रीला त्यातच पीएच.डी.ला जागा मिळणार. नाही पडलं तर फ्रिज बांधून दुसऱ्या गावी जाणार. मैत्रीचं सगळं त्या रेघेवर टांगलेलं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ती केंद्रात गेली. केंद्रालाही गुरुवारचीच सुट्टी. पण तिला दाखवण्यासाठी एक स्वच्छ आलेख हवा होता. एकटीच होती. मशीन लावलं, रेघ सुरू झाली, आणि रेघ सरळ. पायरीच नाही. तिनं जोडण्या तपासल्या, दाब तपासले, फ्रिज तपासला. सगळं कालच्यासारखं. रेघ मात्र सुतासारखी सरळ. तिला वाटलं, चकती मेली. ती तशीच बसून राहिली. उन्हं उतरायला लागली तेव्हा रेघ एकदा खाली आली. एकच पायरी. थोड्या वेळानं वर गेली आणि पुन्हा सरळ.

त्या संध्याकाळी ती स्वतःच्या घरात न जाता आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चप्पलसुद्धा पायात तशीच.

"काकू, आज चाकणच्या चौकात बस अडकलीच नाही. रस्ता रिकामा."

"गुरुवार ना आज."

"हो. गुरुवार." आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे भरून आले. "चौकात एक ट्रेलर नाही, एक टेम्पो नाही, आणि मला तिथं कळलं. आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून फोर्जिंगचा कारखाना आहे, काकू. हॅमर आहेत तिथं. आमचा इलेक्ट्रॉन आपणहून जातच नव्हता. हॅमरचा घाव बसला की जमीन हलते, जमिनीनं वायरी हलतात, वायरींनी दाब हलतो, आणि तो बिचारा धक्का लागून पलीकडे पडतो. आम्ही इलेक्ट्रॉन समजून हॅमर मोजत होतो!"

"इतके महिने? कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

"गुरुवारी मोजलंच नव्हतं ना कधी. सुट्टी असते!"

इथं जन्मलेल्या, वाढलेल्या माणसाला गुरुवार शांत असतो हे वेगळं जाणवतच नाही. जिथं तिथं सुट्टी असते, म्हणून हिलाही सुट्टी.

समोर जाऊन तिनं वडलांना सांगितलं. तिच्या सवयीप्रमाणे, समोर उभी राहून, सावकाश. भीमराजभाऊंनी तिचे ओठ नीट वाचले. मग म्हणाले, "म्हणजे हॅमरनं इलेक्ट्रॉन उडतो?"

"हो, पप्पा."

"मधी भिंत आहे, तुमचा एवढा मोठा फ्रिज आहे, तरी?"

"तरी."

"अरे बाप रे." त्यांच्या तोंडावर थोडा अभिमान होता, आणि तो त्यांना लपवता येईना. "लईच हलका असणार."

केसरबाई उसळल्या. "त्या मेल्या हॅमरनं तुमचे कान खाल्ले, आता पोरीची नोकरी खायला निघालाय, आणि तुम्ही हसताय?"

"हसत नाही गं. बघतोय, कुठवर जातो आमचा घाव."

पण मैत्रीचा प्रश्न वेगळाच होता. उद्या कमिटीपुढे जुने आलेख ठेवले असते तर कुणालाही संशय आला नसता. ती कुणाला काही विचारत बसली नाही. सकाळी पहिल्या बसनं गेली आणि सरांच्या टेबलावर दोन रेघा शेजारी शेजारी ठेवल्या: बुधवारची आणि गुरुवारची. पुढचं मला सुजितनं नंतर सांगितलं. सरांनी दोन्ही रेघा पुन्हा पुन्हा तपासल्या. सुजितच म्हणाला, "सर, हे आज नाही बोललं तर?" तेव्हा सर म्हणाले, "तर मग जन्मभर हॅमर मोजत बसू."

त्यांनी कमिटीला सगळं सांगितलं. कमिटीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई, त्या व्हिडिओ कॉलवर, पडद्यावरून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं: गुरुवारी तो आपणहून गेला, याला पुरावा किती? मैत्री म्हणाली, "एकदा गेला आणि एकदा परत आला." बाई म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी आमच्यासमोर मोजा. तो आपणहून जातोय असं दिसलं तर प्रकल्प चालू. नाही दिसलं तर इथंच थांबू.

मधले दिवस मैत्री एकाच काळजीत होती. मधली भिंत किती पातळ ठेवायची? जाड राहिली तर इलेक्ट्रॉन बैठकभर जागचा हलणार नाही. फार पातळ केली तर त्याहून विचित्र.

"मग तो इकडे की तिकडे, असं उरतच नाही, काकू. एकाच वेळी दोन्ही ठिपक्यांचा होतो. पायरी दिसणारच नाही."

"एकाच वेळी दोन्हीकडे?"

"हो."

"एकटाच?"

"एकटाच."

हे ती अशा सहजपणे सांगत होती, जसं काही एखादी लेक सासरीही आणि माहेरीही एकदमच आहे. आणि शास्त्र म्हणतं, असंच असतं. मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा ते डोक्यातून जाईना.

आणि हे सगळं हॅमरच्या गोंगाटात आजमावून बघता येत नव्हतं. कागदावरच हिशेब मांडून तिनं भिंतीची जाडी ठरवली.

गुरुवारी तिनं आई-वडलांना बरोबर घेतलं. "जे व्हायचं ते तुमच्यासमोर होऊ दे," म्हणाली. केसरबाईंनी मला ओढलं, "वहिनी, चला हो, मला तिथलं काय कळणार?" रिक्षा केंद्राच्या फाटकाशी थांबली. भीमराजभाऊ आधी उतरले आणि उतरल्या जागी थबकले.

"हॅमर चालू आहे," ते म्हणाले.

ज्याला कानानं ऐकू येत नाही त्यानं सांगितलं. त्यांच्या तळव्यांना कळलं होतं. मग आम्हालाही ऐकू आलं. मागच्या भिंतीपलीकडून, धप्प. धप्प. आणि जरा थांबून पुन्हा.

मैत्रीचा चेहरा उतरला. सुजित धावत बाहेर आला. "मागच्यांना तातडीची ऑर्डर आहे. ओव्हरटाइम लावलाय आज. वॉचमनला विचारून आलो, संध्याकाळपर्यंत चालणार."

"सर?"

"सर त्यांच्या ऑफिसला फोन लावतायत. सुट्टीचा दिवस, कोण उचलतंय."

भीमराजभाऊंनी मुलीकडे बघितलं. तिनं दोनच शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, "मी बोलतो. पण ते काय म्हणतात ते मला ऐकू यायचं नाही. वहिनी, तुम्ही चला."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा फोर्जिंगच्या कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले, एका बाजूला भीमराजभाऊ आणि दुसऱ्या बाजूला केसरबाई. वॉचमननं आतून सुपरवायझरला बोलावलं. ज्योतीराम त्याचं नाव. खेडच्या बाजूचा, रुंद, कपड्यांवर ठिणग्यांची भोकं. भीमराजभाऊ सगळा जीव लावून बोलले, "हॅमर थोडा वेळ बंद ठेवता येईल का?"

"काय म्हनला?"

"हॅमर! बंद!"

ज्योतीरामनं उजवा कान पुढे केला. "डावा गेलाय माझा. इकडनं बोला."

"माझे दोन्ही गेलेत," भीमराजभाऊ ओरडले. "भोसरीला होतो. हॅमरवरच."

ज्योतीराम थांबला. त्यानं त्यांच्या मनगटांवरचे जुने भाजल्याचे डाग पाहिले. मग एकदम आवाज बदलला. "व्हय? या की मग आत, भाऊ. बाहेर का उभं ऱ्हायला?"

"आत नको. हॅमर बंद ठेव. जेवणाची सुट्टी असेल ना तुमची?"

"हाय की. पर हॅमर कुटं थांबतुय? एक जेवाया गेला की त्याचा रिलीव्हर उभा ऱ्हातो. तुमाला ठावं हाय."

हे मी त्यांना कानाशी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "रिलीव्हर लावू नको. सगळे एकदम जेवा."

"भट्टीत माल हाय, भाऊ."

"भट्टीची आच खाली घे. मागाहून चढव."

"पर कशापायी?"

भीमराजभाऊंना पटकन शब्द सापडेना. त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडकडे हात केला. "माझ्या पोरीचा इलेक्ट्रॉन आहे तिकडं. तुमच्या हॅमरला घाबरतो."

"कोनाचा कोन?"

मागं भिवा नावाचा एक म्हातारा कामगार उभा होता, तो खो खो हसला. "ज्योतीराम, आरं तुला आज इलेक्ट्रॉन घाबरला रं! घरी बायकू तर घाबरत न्हाई!"

मग मीच पुढे झाले आणि जमेल तसं सांगितलं. एकच इलेक्ट्रॉन आहे, तो आपणहून भिंतीतून जातो की धक्क्यानं जातो ते बघायचंय, आणि त्यावर या पोरीचं सगळं आहे. ज्योतीराम ऐकत होता. शेवटी म्हणाला, "एकच?"

"एकच."

"आन् आमच्या घावानं त्यो पडतुय?"

"हो."

त्यानं मागं वळून कारखान्यातल्या हॅमरकडे बघितलं, जणू काही आजच बघतोय. "करतो बंद. पर आमालाबी दाखवा मग. आमच्यामुळं पडतुय म्हन्ता, तर बघू तरी त्यो कसा हाय."

बैठक सुरू झाली. भिंतीवरच्या पडद्यात कमिटीचे लोक चौकोनांत बसलेले, आणि खोलीच्या मागच्या बाजूला जाड बुटांतली, घामानं चिंब झालेली माणसं, हातात हातमोजे. रविराज सर जरा गडबडले, पण त्यांनी कमिटीला सरळ सांगितलं, "हे शेजारच्या कारखान्यातले. यांनी काम थांबवलंय म्हणून आपण मोजू शकतोय." बाईंनी मान हलवली.

शेवटचा घाव मघाच पडून गेला होता. पायाखालची जमीन आता गप्प होती. फ्रिजच्या पंपाची संथ घरघर तेवढी उरली.

सुजितनं रेघेला एक स्पीकर जोडला होता. इलेक्ट्रॉन जवळच्या ठिपक्यात असला की जाड सूर, लांबच्यात गेला की बारीक. जाड सूर लागला होता, तंबोऱ्याची एकच तार कुणी छेडत राहावी तसा. तो तसाच चालू राहिला. मैत्री पडद्यासमोर उभी, हात मागं बांधलेले. आता तिच्या हातात काहीच नव्हतं. भिंतीची जाडी तिनं ठरवली होती, जायचं की नाही ते त्यानं ठरवायचं होतं.

मागून भिवानं हळूच विचारलं, "पोरी, श्वास घ्यायचा का न्हाई?"

"घ्या की काका, श्वासानं त्याला काही होत नाही."

पण कुणी नीट घेतलाच नाही. दिवसभर लोखंड ठोकणारी माणसं मांजराच्या पिलाजवळ उभं राहावं तशी उभी होती. सूर चालला होता. केसरबाईंनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, भिंत जाड राहिली. नाही तर फार पातळ झाली, आणि तो दोन्हीकडचा झाला.

आणि सूर बारीक झाला.

आवाज नाही, ठोका नाही. इतका वेळ जाड होता, आता बारीक होता. मधे काहीच नव्हतं. रेघ एक पायरी चढून वर चालली होती.

"गेला," ज्योतीराम पुटपुटला.

कुणी टाळी वाजवली नाही. मी काय सांगू? आपल्या घरातल्या साध्या दिव्यातून क्षणाक्षणाला किती इलेक्ट्रॉन वाहतात त्याची गणती नाही. त्यांतला हा एकटा, त्याला ना रूप, ना चेहरा, आणि चाकणच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये खोलीभर माणसांनी त्याचं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं ऐकलं. भिंत होती तिथंच होती. माझ्या अंगावर काटा आला तो घरी पोचेपर्यंत गेला नाही.

सूर पुन्हा जाड झाला. लगेच बारीक. मग बराच वेळ बारीकच. मग जाड.

"काय झालं? गेला का?" भीमराजभाऊंनी मोठ्यानं विचारलं. सगळे दचकले. त्यांना सूर ऐकू येत नव्हता, आणि चष्मा घरी राहिला होता.

मैत्री पडद्यासमोरून निघाली. कमिटी बघत होती, सर बघत होते. तिनं वडलांचा हात धरला, त्यांना स्पीकरपाशी आणलं आणि त्यांचा तळवा त्याच्या जाळीवर ठेवला. "सुजित, आवाज वाढव." आणि वडलांसमोर तोंड करून सावकाश म्हणाली, "पप्पा, आत्ता तो जवळच्या ठिपक्यात आहे. हाताला जाड लागतंय ना? तो गेला की बारीक लागेल."

"कधी जाईल?"

"ते नाही सांगता येत. कुणालाच."

ते डोळे मिटून उभे राहिले. ज्या हातानं जन्मभर घाव घेतले तो हात त्या जाळीवर असा हलका, जणू तापलेल्या लेकराच्या कपाळावर. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांचे डोळे एकदम उघडले. त्यांनी तळव्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि हात तिथंच ठेवला, पुढच्यासाठी.

पडद्यावरच्या बाईंनी घसा साफ केला. हा धक्क्यानं जात नाही कशावरून, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मैत्रीनं तोवरच्या पायऱ्या पडद्यावर मांडल्या. एक थांबा लांबलचक, पुढचा चिमुकला, पुढचे दोन मध्यम, मग पुन्हा लांब. कशाचा कशाशी मेळ नाही. त्याच्या शेजारी तिनं बुधवारची जुनी रेघ ठेवली. तिथल्या वरवर वेड्यावाकड्या पायऱ्या मोजल्यावर हॅमर उचलायला आणि टाकायला जेवढा वेळ लागतो त्याच्या एकपट, दुप्पट, तिप्पट अंतरानं पडलेल्या निघाल्या. बाई दोन्हींकडे बघत राहिल्या. मग चौकोनांतल्या इतरांशी काही बोलल्या आणि मैत्रीला म्हणाल्या, पुढचं मोजमाप चालू ठेव, आणि पीएच.डी.चा अर्ज लवकर पाठव, शेवटच्या दिवसाची वाट बघू नको.

केसरबाईंना इंग्रजी पुरतं कळलं नाही. त्यांनी मला ढोसलं. मी कानात सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

ज्योतीरामनं घड्याळ बघितलं. "चला रं, भट्टी चढवायची."

केसरबाई डोळे पुसत वळल्या. "अहो, पण तुम्ही जेवलात कुठं? जेवणाची सुट्टी ना तुमची?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भिवा म्हणाला, "ह्यो बाबा कवा जाईल, कवा येईल, ह्येच बघत बसलो की, वहिनी! जेवू आता, रिलीव्हर लावून."

ते निघाले. ज्योतीराम दाराशी रेंगाळला आणि मैत्रीला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आता आमी हॅमर चालू केल्यावर त्यो पुन्ना पडाया लागंल न्हवं?"

"लागेल, दादा. पण आता काही बिघडत नाही. आज मोजून झालंय, आता दर गुरुवारी मोजू."

"तसं न्हाई." तो घुटमळला. "त्याला लागत न्हाई ना?"

मैत्री नेहमीप्रमाणे समोर तोंड करून उत्तर द्यायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, "नाही, दादा. त्याला लागत नाही."

"मग ठीक हाय," असं म्हणून तो गेला.

भट्टी चढेपर्यंत आम्ही तिथंच होतो. सर पडद्यावर बोलत होते, सुजित वायरी आवरत होता. भीमराजभाऊ अजून स्पीकरवर हात ठेवून उभे होते, आणि मैत्री त्यांच्या शेजारी. सूर बारीक चालला होता. मग पायाखाली धप्प झालं, आणि सूर तुटला, जाड झाला, बारीक झाला, पुन्हा जाड.

"ज्योतीराम लागला कामाला," भीमराजभाऊ म्हणाले.

"हो, पप्पा."

"आणि हा बघ, कसा धडपडतोय." त्यांनी लेकीचा हात घेतला आणि आपल्या हाताशेजारी जाळीवर ठेवला.